बाळंतिणीचे मन आणि विहारातले गाणे

बाळंतपणानंतर काही बायांचे मन खचते. सारखे रडू येते, बाळ झोपले तरी डोळा लागत नाही, बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी आहे. पण हे प्रसूतीनंतरचे नैराश्य आहे. तो आजार आहे आणि बरा होतो.

इंग्लंडमध्ये अशा १३४ मातांचा अभ्यास झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. काही मातांना दहा आठवडे बाळासह एकत्र गायला बोलावले, काहींना खेळाच्या गटात, बाकीच्यांची नेहमीची देखभाल चालू राहिली. ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता, त्यांच्यात गाणाऱ्या माता नेहमीच्या देखभालीतल्या मातांपेक्षा लवकर सावरल्या. खेळाच्या गटात असा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे नुसत्या भेटण्यापेक्षा गाण्यात काही जास्त असावे. गाताना श्वास सावकाश सोडावा लागतो, लक्ष शब्दांवर राहते, डोक्यात फिरणारे तेच ते विचार थोडा वेळ थांबतात. शिवाय नैराश्यात माणूस माणसांना टाळतो आणि टाळल्याने आणखी खचतो. ठरलेला वार असला की निदान त्या दिवशी घराबाहेर पडणे होते.

आपल्याकडे वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात ग्रंथवाचन होते. जमणाऱ्या बायांना भीमगीते तोंडपाठ असतात. नंतर मात्र कित्येक ठिकाणी कुलूप लागते. आठवड्यातली एक दुपार वर्षभर विहार उघडा ठेवायला काय हरकत आहे?

स्पर्धा, बक्षीस, माईक नको. माईक आला की चांगल्या गळ्याच्या बाया पुढे बसतात आणि जिला खरी गरज ती दाराशीच राहते. गायचे नसेल तिला टाळी वाजवू द्या, बाळ मांडीवर घेऊन नुसते बसू द्या. आणायला घरी जा, आधी सासूशी बोला. पहिल्यांदा बहुतेक नाहीच म्हणतील, पुन्हा जा. "तुला काय झालंय?" असे चारचौघींत विचारू नका.

गाणे उपचारांच्या जोडीला आहे, बदली नाही. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. बाई मरणाचे बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली किंवा बाळाला इजा करण्याचे विचार सांगू लागली, तर तिला एकटी ठेवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.