लग्नापुरतं कर्ज, जन्मभराची गुलामी!

सगळी माणसं समान, असं जाहीर करणाऱ्या देशात गुलामी टिकते कशी? दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेला छळणारा हा प्रश्न मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरच्या वारली पाड्यांवरही उभा होता. तिथल्या गुलामाला एक साधं नाव होतं : लग्नगडी.

लग्न म्हणजे आयुष्यातला आनंदाचा दिवस. पण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातल्या वारली तरुणाच्या आयुष्यात हाच दिवस बेडी घेऊन यायचा. लग्नाच्या खर्चासाठी हाताशी पैसा नसे. मग तो जमीनदाराच्या किंवा सावकाराच्या दारात जायचा. रक्कम फार मोठी नसे. कर्ज फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचं, एवढीच अट!

पण ते कर्ज फिटायचंच नाही. मजुरी नावापुरती, हिशेबाची वही मालकाच्या हाती आणि गड्याला अक्षरओळख नाही. त्यात पावसाळ्यात चूल पेटावी म्हणून घेतलेल्या खावटीची भर. वर्षं सरायची, केस पांढरे व्हायचे आणि शेवटी बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर यायचं. मुलाचं लग्न ठरलं, की नवं कर्ज. असा एकेका घराच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या एकाच वाड्यावर राबत.

अमेरिकेची कथा

आता थोडं दूर जाऊ. १७७६ साली अमेरिकेनं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सर्व माणसं जन्मतः समान आहेत, असं त्यात ठासून सांगितलं होतं. तो लिहिणारे थॉमस जेफरसन मात्र हयातभरात सहाशेहून अधिक गुलामांचे मालक होते!

१७८७ मध्ये राज्यघटना तयार होताना दक्षिणेकडच्या राज्यांनी अडवणूक केली. गुलामांना हात लावाल तर आम्ही एकत्र येणार नाही, असा त्यांचा सूर होता. देश एकसंध राहावा म्हणून तडजोड झाली. संसदेतल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशेब धरला गेला. गुलामाला मत नव्हतंच, पण त्याच्या डोक्याची मोजणी करून त्याच्या मालकाच्या राज्याला जादा जागा मिळाल्या. ज्याला कायदा बदलून हवा होता त्याला आवाज नव्हता आणि ज्याला तो नको होता त्याचं बळ वाढलं.

त्यात पैशाचं गणित मिसळलं. १७९३ साली सरकी काढण्याचं यंत्र आलं आणि कापूस म्हणजे सोनं झालं. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० पर्यंत सुमारे ४० लाखांवर गेले. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती. मग संख्या वाढली कशी? गुलाम आईचं मूल जन्मतःच गुलाम ठरत होतं! अखेर यादवी युद्धाचा रक्तपात झाला आणि १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली.

ही बातमी पुण्यात एका माणसाच्या मनाला भिडली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. तिकडची बेडी आणि इकडची बेडी यांतलं नातं त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

झरीची सभा

लग्नगड्यांच्या बेडीवर पहिला मोठा घाव बसला तो स्वातंत्र्याच्या आधी दोन वर्षं. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. सभेत ठराव झाला : वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही.

गावोगाव लग्नगडी मोकळे होऊ लागले. मालकवर्ग अर्थातच गप्प बसला नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथं जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. तरीही माणसं मागे हटली नाहीत. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा लढा लिहिला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

घटना आली, बेडी राहिली

१९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. अमेरिकेनं केलेली तडजोड आपण केली नाही. कलम २३ नं वेठबिगारीवर स्पष्ट बंदी घातली. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत सालगड्याला आणि त्याच्या मालकाला सारखंच एक मत मिळालं. मग वेठबिगारी संपायला हवी होती. ती का संपली नाही?

कारण मतपेटीतून बाहेर पडलेला माणूस परत मालकाच्याच अंगणात जात होता. जमीन मालकाची, धान्याची कणगी मालकाची आणि वहीही मालकाचीच. तक्रार करायची तर चावडीवर मालकाचंच वजन. वर ‘बापानं घेतलंय, फेडलंच पाहिजे’ ही इमानाची भावना. बेडीचा निम्मा भार या इमानानंच पेलला होता.

घटनेतल्या बंदीला शिक्षेचा दात यायला पंचवीस वर्षं लागली. विरोधाभास असा, की नागरिकांचे हक्क गोठलेल्या आणीबाणीतच, ऑक्टोबर १९७५ मध्ये, तो वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. दक्षिण गुजरातचा ‘हाली’, बिहार-छत्तीसगडकडचा ‘कमिया’ अशा देशभरातल्या कितीतरी प्रथा त्यात नावानिशी नोंदल्या गेल्या. वेठीचं कर्ज कायद्यानंच रद्द झालं. ते कर्ज वेठीचं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही सावकारावर टाकली गेली. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच, असा निकाल दिला.

तरीही कायदा आपल्या पायांनी पाड्यावर गेला नाही. त्याच सुमारास वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वेठबिगार आदिवासी आढळले. त्यांच्या श्रमजीवी संघटनेनं एकेका मजुराच्या मुक्ततेसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. मोकळं झाल्यावर उद्या खायचं काय, या प्रश्नाशी झगडा तर वेगळाच! विवेक पंडितांच्या या कामाची दखल १९९९ मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेनंही घेतली.

आज काय?

‘लग्नगडी’ हा शब्द आता कानावर येत नाही. त्याची जागा ‘उचल’ या शब्दानं घेतली आहे. पावसाळ्यात हातात पडलेल्या उचलीपायी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. हंगाम संपतो, पण कधी कधी हिशेब संपत नाही. मुलांची शाळा सुटते ती वेगळीच.

अशा मजुराला जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी मुक्ततेचा दाखला देऊ शकतात. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुनर्वसनासाठी १ लाख ते ३ लाख रुपयांची तरतूद आहे. पण त्यासाठी कुणीतरी कचेरीपर्यंत खबर न्यावी लागते. भट्टीवर विटा बघायला गेलेल्या माणसानं विटेच्या भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारला, तर तीही सुरुवात होईल : ‘यांचा हिशेब केव्हा होतो हो?’