ऐकू येते, पण समजत नाही : श्रवणदोष आणि साहाय्याची वाट

बंगळुरूच्या पूर्व भागात मारतहळ्ळी येथे बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि जुना विमानतळ रस्ता परस्परांना छेदतात. मे २००८ मध्ये हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या विमानतळावरील नियमित प्रवासी उड्डाणे देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली. रस्त्यावरील वाहनांचा आवाज मात्र राहिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये सात महानगरांत ध्वनिमापन केंद्रांचे जाळे उभारले, त्यात मारतहळ्ळीचाही समावेश आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये वाणिज्य क्षेत्रात दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. येथील आवाजाची अशी मोजदाद होते. त्याच रस्त्यामागील सदनिकांत कोणाला ऐकू येईनासे झाले आहे, याची मोजदाद मात्र सहसा कोणी करीत नाही.

माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे या परिसरात महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबे राहतात. वर्षातील काही महिने त्यांचे वृद्ध आईवडील गावाहून येऊन राहतात. दूरचित्रवाणीचा आवाज वाढत जातो, दूरध्वनीवरील संभाषण आटोपते घेतले जाते, चारचौघांत बसणे टाळले जाते. घरातील माणसे याचा अर्थ ‘वय झाले’ असा लावतात. क्वचित ‘सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते’ असेही म्हणतात. हा दुसरा आरोप अन्यायाचा आहे आणि त्याचे कारण कानाच्या रचनेत आहे.

ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात, मध्यकर्णातील तीन अस्थी ती कंपने पुढे नेतात आणि अंतर्कर्णातील शंखाकृती कॉक्लियामधील केसपेशी त्यांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करतात. प्रत्येक कानात अशा सुमारे १५ हजार पेशी असतात. एकदा नष्ट झालेल्या केसपेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. मळ, पडद्याला छिद्र किंवा मध्यकर्णातील पू यांमुळे येणारा दोष बहुधा औषधोपचाराने वा शस्त्रक्रियेने दूर होऊ शकतो. केसपेशींच्या ऱ्हासामुळे आलेला दोष भरून येत नाही, त्याला यंत्राचे साहाय्य द्यावे लागते.

वार्धक्यात आणि सततच्या गोंगाटात प्रथम निकामी होतात त्या उच्च वारंवारितेच्या ध्वनींना प्रतिसाद देणाऱ्या पेशी. स्वर हे तुलनेने खालच्या वारंवारितेचे व जोरकस असतात. स, श, च, त यांसारखी व्यंजने क्षीण व उच्च वारंवारितेची. परिणामी ‘ताप’, ‘चाप’ आणि ‘साप’ या तीन शब्दांतला ‘आ’ स्पष्ट पोचतो, पण भेद करणारे व्यंजन गळून पडते. म्हणूनच ‘ऐकू येते, पण समजत नाही’ ही तक्रार शब्दशः खरी असते. पुरुषाचा भारदस्त आवाज कळतो आणि नातवंडाचा किंवा सुनेचा कळत नाही, यात सोयीचा प्रश्न नाही. मोठ्याने ओरडल्यानेही काही साधत नाही, कारण त्याने स्वर वाढतात. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, दूरचित्रवाणी बंद करून सावकाश बोलणे अधिक उपयोगी पडते.

डेसिबल हे माप गुणोत्तरी आहे: १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. ८५ डेसिबलचा आवाज दररोज आठ तास ही सामान्यतः मानली जाणारी सुरक्षिततेची मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबल वाढीस हा कालावधी निम्मा होतो. बसच्या गोंगाटावर मात करण्यासाठी कानातील इअरफोनचा आवाज वाढविणारा तरुण कर्मचारी या गणिताच्या कचाट्यात आई-वडिलांपेक्षा लवकर सापडू शकतो.

आता धोरणाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असून ४३ कोटींना पुनर्वसन सेवेची आवश्यकता आहे. चांगल्या कानातील दोष ३५ डेसिबलपेक्षा अधिक असल्यास ही आवश्यकता मानली जाते. आपल्या दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मात्र दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असलेली व्यक्ती ‘कमी ऐकू येणारी’ आणि ७० डेसिबल दोष असलेली ‘बहिरी’ ठरते. ३५ ते ६० यांच्या दरम्यानचा पट्टा कायद्याच्या दृष्टीने जणू रिकामा आहे आणि वार्धक्यातील श्रवणदोषाचा मोठा भाग नेमका याच पट्ट्यात येतो. जनगणनेचे आकडेही सावधपणे वाचावे लागतात. २००१ मध्ये श्रवणदोष असलेल्यांची संख्या १२.६ लाख होती, ती २०११ मध्ये ५०.७ लाख झाली. दहा वर्षांत देशाचे कान चौपट बिघडले नाहीत. प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली.

वरील अहवालाने उपेक्षित श्रवणदोषाचा जागतिक वार्षिक भार सुमारे ९८० अब्ज डॉलर मांडला आहे. अशा अंदाजांत जीवनमानाच्या हानीलाही पैशाचे मूल्य दिलेले असते, म्हणून मी त्यांच्यावर फारसा विसंबत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाची वाटते ती मागणीची बाजू. मोतीबिंदू रुग्णाला स्वतःला अडवतो; श्रवणदोषाचा त्रास आधी शेजारच्याला जाणवतो. गरज ज्याची, त्याला ती उमगत नाही, आणि ज्यांना उमगते ते निर्णय घेऊ शकत नाहीत. त्यामुळे केवळ यंत्र स्वस्त केल्याने खप वाढेल, ही अपेक्षा फोल ठरते. श्रवणयंत्रांवर २०१७ पासून वस्तू व सेवा कर नाही, तरीही यंत्राची खरी किंमत तपासणी, जुळणी आणि पुनःपुन्हा माराव्या लागणाऱ्या खेपांत दडलेली असते.

मारतहळ्ळीतील वृद्ध पाहुण्याच्या बाबतीत यात भाषेचा खर्चही मिळवावा लागतो. शुद्ध स्वरांची चाचणी भाषेविना होते; शिट्टीसारखा नाद ऐकू आला की बोट वर करायचे. परंतु शब्द किती कळतात हे पाहणाऱ्या चाचणीत रुग्णाच्या मातृभाषेतील शब्दयादी लागते. आयुष्यभर केवळ मराठी बोललेल्या आजींना कन्नड वा इंग्रजी शब्द उच्चारायला सांगितले, तर चाचणी कानाची होते की भाषेची, हे सांगणे कठीण. नोंदणी करतानाच मराठी शब्दयादीची विचारणा करावी. ती नसल्यास या चाचणीपुरते गावी परतेपर्यंत थांबण्यास हरकत नाही. मात्र एका दिवसात वा रात्रीत अचानक एक कान बंद झाल्यास मुळीच थांबू नये. ती तातडीची अवस्था असून पहिल्या काही दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे उपचार सुरू व्हावे लागतात.

बंगळुरूत निम्हान्स आणि डॉ. एस. आर. चंद्रशेखर वाक् व श्रवण संस्था येथे तपासणीची सोय आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून कार्यरत आहे, तर मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. खासगी दुकानात जाण्यापूर्वी तेथील श्रवणतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहावी. विक्रेता आणि तपासनीस एकच असतो, तेव्हा ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते.

बालकांबाबत चित्र तुलनेने आशादायक आहे. २००६-०७ मध्ये राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. २०१४ पासून केंद्राच्या साहाय्यक साधन योजनेत लहान बालकांच्या कॉक्लियर रोपणाचाही समावेश आहे. ज्येष्ठांसाठी २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्रे दिली जातात. महाराष्ट्र शासनाची २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजना, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील रहिवाशांना साहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपये देते. एवढ्या रकमेत खिशात ठेवायचे साधे यंत्र येऊ शकेल; श्रवणदोषाच्या आलेखानुसार जुळवलेले अंकीय यंत्र येणार नाही.

यंत्र घेतल्यावर त्याची सवय होण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. प्रारंभी भांड्यांचा खणखणाट आणि स्वतःच्याच चपलांचा आवाज असह्य वाटतो, आणि अनेक यंत्रे याच टप्प्यावर कपाटात जातात. या काळात दोन-तीन वेळा जुळणी बदलून घ्यावी लागते. सहा महिने एका मुलाकडे व सहा महिने दुसऱ्याकडे राहणाऱ्या पालकांची ही साखळी नेमकी येथे तुटते. काही यंत्रांची जुळणी विक्री करणाऱ्या केंद्राखेरीज अन्यत्र बदलता येत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुसऱ्या शहरात ती बदलता येईल का, हे लेखी विचारून घ्यावे. घड्याळाच्या सेलसारखी दिसणारी जस्त-वायू बॅटरी बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत संपते, तो खर्च वर्षभराचा धरावा. पावसाळ्यात आणि कोकणासारख्या दमट भागात रात्री यंत्र आर्द्रता शोषणाऱ्या गोळ्यांच्या बंद डबीत ठेवावे लागते.