‘तोच हा’ कशावरून? सिल्व्हिया नावाच्या लघुग्रहाची ओळख

मंडळी, भारतीय दर्शनांच्या वर्गात देवदत्त नावाचा एक गृहस्थ हटकून भेटतो. त्याला पूर्वी कुठेतरी पाहिलेलं असतं, आज तो दुसरीकडे दिसतो आणि आपण म्हणतो, ‘तोच हा देवदत्त’. या ओळखण्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. हा देवदत्त घेऊन आम्ही कित्येक वर्षं फळ्यापुढे उभे राहिलो. पण देवदत्ताला निदान नाकडोळे असतात. जो नुसता उजेडाचा ठिपका आहे, त्याला ‘तोच हा’ कशाच्या जोरावर म्हणायचं?

आज आपण असाच एक ठिपका घेऊ. १६ मे १८६६ रोजी मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना तो सापडला. क्रमांक ८७, नाव सिल्व्हिया. त्या काळी हे काम डोळ्यांनीच चाले. आकाशाच्या एका तुकड्याचा नकाशा जवळ ठेवायचा आणि दुर्बिणीतून तोच तुकडा बघायचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला की लगेच हुरळून जायचं नाही, नकाशा करणाऱ्याचीच चूक असू शकते! दुसऱ्या रात्री पुन्हा बघायचं. शेजारच्या ताऱ्यांच्या मानानं ठिपका सरकला असेल, तर तो तारा नव्हे.

एवढ्यानं शोध पुरा झाला का? आमच्या मते नाही. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोत पियाझींना सेरेस दिसला. फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे वेध घेतले आणि मग तो सूर्याच्या झगमगाटात गेला. सापडलेली वस्तू हरवली! तरुण गाउसनं त्या मोजक्या वेधांवरून कक्षेचं गणित मांडलं, तेव्हा कुठे वर्षअखेरीस सेरेस पुन्हा हाती लागला. अल्बर्ट नावाचा लघुग्रह तर १९११ साली दिसला, तो थेट २००० साली परत सापडला. तोवर नाव यादीत आणि नावाचा धनी बेपत्ता.

तेव्हा ठिपक्याचा चेहरा म्हणजे त्याची कक्षा. सिल्व्हियाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या जवळजवळ साडेतीन पट आहे. एका फेरीला तिला सुमारे साडेसहा वर्षं लागतात आणि तिची कक्षा आपल्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ११ अंशांनी कललेली आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्याची ही बाहेरची कड. इथून थोडं आत, जिथे फेरीचा काळ गुरूच्या काळाच्या निम्मा होतो, तिथे गुरूच्या पुन्हापुन्हा बसणाऱ्या ओढीनं जागा जवळपास मोकळी झाली आहे. लघुग्रहांची मुख्य गर्दी त्या मोकळ्या जागेच्या अलीकडे, सिल्व्हिया पलीकडे. शोधापासून तिच्या चोवीसएक फेऱ्या झाल्या.

आता नाव. फ्रेंच खगोलज्ञ फ्लामारियाँ यांच्या पत्नीचं नाव सिल्वी, तिच्यावरून हे नाव पडलं असं पुस्तकांतून छापलं गेलं. पण पॉगसननं स्वतःच्या टिपणात रोमन पुराणातल्या ऱ्हीया सिल्व्हियाचं नाव घेतलं आहे. नाव कुणाचं, हे ठेवणाऱ्याला विचारावं; नंतरच्या ऐकीव गोष्टीला नव्हे. ही ऱ्हीया सिल्व्हिया म्हणजे रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांची आई.

गंमत पुढेच आहे. २००१ साली सिल्व्हियाभोवती एक चंद्र सापडला आणि २००५ साली दुसरा जाहीर झाला. दोन चंद्र असलेला माहीत झालेला हा पहिला लघुग्रह. चंद्रांची नावं अर्थातच रोम्युलस आणि रीमस! रोम्युलसला एका फेरीला साडेतीन दिवसांहून थोडं जास्त लागतं, रीमसला सुमारे ३३ तास. या फेऱ्यांवरून आईचं वजन काढता आलं आणि घनता पाण्याहून जराशीच जास्त निघाली. म्हणजे आत बऱ्याच पोकळ्या असणार. सिल्व्हिया हा एकसंध खडक नसून, कधीकाळच्या टकरीनंतर गुरुत्वानं पुन्हा एकत्र आलेला दगडगोट्यांचा ढीग असावा असं मानतात. मग दीडशे वर्षं आपण ‘तीच ही’ म्हणत आलो ते एका वस्तूला की एका ढिगाला? हा प्रश्न देवदत्ताच्या वर्गात आम्हाला कुणी विचारला नव्हता.