भिंत उभी राहण्याआधी : कॉम्प्युटरवर आराखडा काढायची सुरुवात



आधी एक हिशेब करू या. समजा गटानं पापड-बिबड्यांसाठी वीस बाय तीसची शेड बांधायची ठरवली. ठेकेदार म्हणाला, ६०० चौरस फूट बांधकाम. आपण मनात धरलं, चला, ६०० चौरस फूट जागा मिळणार. आता चारही बाजूंनी नऊ इंची भिंत उभी करा. लांबीतून दोन्हीकडचे मिळून दीड फूट गेले, रुंदीतूनही दीड फूट गेले. आत उरलं साडेअठ्ठावीस बाय साडेअठरा. गुणून बघा, ५२७ चौरस फूट होतात. जवळजवळ ७३ चौरस फूट भिंतींनीच खाल्ले! नऊ बाय आठची एक खोलीच गेली म्हणा ना.

यात ठेकेदारानं फसवलं असं नाही. बांधकामाचा दर बहुतेक ठिकाणी बाहेरच्या मापावरच लावतात. पण यंत्रं काही भिंतीत बसत नाहीत, ती आतल्या ५२७ फुटांतच बसवायची आहेत. हे आपल्याला कधी कळतं? भिंती खांद्याएवढ्या झाल्यावर. तोवर बँकेच्या कर्जाचा पहिला हप्ता विटा-सिमेंटमध्ये गेलेला असतो आणि पापडाचं यंत्र दारातून आत जात नाही.

म्हणून या अंकात कॉम्प्युटरवर आराखडा कसा काढायचा ते लिहिते आहे. इंग्रजीत याला ‘कॅड’ म्हणतात. नाव ऐकून पान उलटू नका. मी समाजकार्य शिकलेली आहे, इंजिनिअर नाही. ज्यांना टेपनं माप घेता येतं आणि ब्लाऊजचं कटिंग येतं, त्यांना यातलं निम्मं आधीच येतं.

पूर्वी आराखडे मोठ्या फळीवर, टी-पट्टी लावून शाईनं काढायचे. एक भिंत सरकवायची तर अख्खा कागद पुन्हा काढावा लागायचा. १९८२ साली ऑटोकॅड नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि हे काम साध्या कॉम्प्युटरवर होऊ लागलं. आज घराचा नकाशा, जळगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचे सुटे भाग, केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्यांची मांडणी, सगळं असंच काढतात.

ऑटोकॅड विकत घ्यायचं तर दरवर्षी पैसे भरावे लागतात आणि ती रक्कम आपल्या गटांना झेपणारी नाही. विद्यार्थ्यांना मात्र कंपनी ते शिकण्यासाठी फुकट देते, तेव्हा घरात कुणी डिप्लोमाला असेल तर विचारा. ‘ताई, चोरीची कॉपी टाकून देतो, दोनशे रुपये द्या’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्यातून व्हायरस येतो आणि त्याच कॉम्प्युटरवर आपल्या गटाचे हिशेब असतात. आपल्या कामाला लिब्रेकॅड पुरतं. ते कायद्यानंच फुकट आहे, आकारानं लहान आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. फक्त मोबाईलवर चालत नाही, कॉम्प्युटर लागतोच.

लिब्रेकॅड उघडलं की काळा पडदा दिसतो आणि त्यावर बारीक ठिपके. ठिपक्यांच्या रांगोळीचा कागदच समजा. फरक एवढाच की रांगोळीत आपण ठिपके मोजतो आणि इथं माप आकड्यानं सांगतो. माऊसनं अंदाजे रेघ ओढायची नसते. हे एक डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं आहे. हात स्थिर नसला तरी चालतो, माप बरोबर पाहिजे.

सुरुवातीला सॉफ्टवेअरला सांगायचं की आपण फुटात बोलतोय. ऑप्शन्समध्ये ‘करंट ड्रॉइंग प्रेफरन्सेस’, त्यात ‘युनिट्स’, तिथं फूट निवडा. हे राहिलं तर शेड वीस मिलिमीटरची होते, बिबड्यापेक्षाही लहान.

आता इथं जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो. अडीच फूट म्हणजे दोन फूट सहा इंच, म्हणून २.६ लिहिलं जातं. ते चूक. बारा इंचांचा एक फूट, तेव्हा सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून २.५. यावर आपली मराठी मोजणीच कामाला येते : पाव फूट तीन इंच, ०.२५. अर्धा फूट सहा इंच, ०.५. पाऊण फूट नऊ इंच, ०.७५. मिस्तरी ‘नऊ इंची भिंत’ म्हणाला की आपण मनात ‘पाऊण’ म्हणायचं. मधली साडेचार इंची भिंत असेल तर पाऊणचं निम्मं, ०.३७५.

मग पहिला चौकोन काढू. मिस्तरी आखणी करताना आधी एक खुंटी ठोकतो आणि तिथून दोरी धरतो, आठवतं ना? कॉम्प्युटरवरची ती खुंटी म्हणजे ०,०. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. ‘रेक्टँगल’ हे हत्यार निवडा. कमांडच्या चौकटीत ०,० लिहून एंटर दाबा. मग @३०,२० लिहून एंटर. (इथं आकडे मराठीत छापलेत, कीबोर्डवर इंग्रजीच दाबायचे.) त्या @ चा अर्थ ‘इथून पुढं’. खुंटीपासून तीस फूट आडवं आणि वीस फूट वर, तिथं समोरचा कोपरा. झाली बाहेरची भिंत.

आतला चौकोन काढायला पुन्हा रेक्टँगल घ्या. पहिला कोपरा ०.७५,०.७५. दुसरा @२८.५,१८.५. आता दोन रेघांच्या मध्ये नऊ इंचांची भिंत दिसते आणि सुरुवातीचा ७३ फुटांचा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहतो.

मध्येच चित्र गायब होईल. घाबरू नका, ते कुठं जात नाही. माऊसचं चाक जास्त फिरलं की आपण चित्रापासून लांब जातो. ‘ऑटो झूम’ दाबा, परत येतं. चुकीचं काही झालं तर कंट्रोल धरून झेड दाबा, शेवटचं काम पुसलं जातं. आणि एखादं हत्यार हातातून सुटतच नसेल तर एस्केप.

दारासाठी भिंतीच्या रेघेचा तेवढाच तुकडा काढून टाकायचा असतो. ‘डिव्हाइड’नं रेघ दोन ठिकाणी तोडा आणि मधला भाग निवडून डिलीट करा. पहिल्या दिवशी हे जमलं नाही तरी चालेल, दाराच्या जागी वेगळ्या रंगाची रेघ मारली तरी काम भागतं.

खरी गंमत यंत्रं बसवताना येते. यंत्राची लांबी-रुंदी विक्रेत्याच्या कोटेशनवर असते, नसेल तर मागून घ्या. कणीक मळायचं यंत्र, पापडाचं यंत्र, ड्रायर, वजनकाटा, पॅकिंगचं टेबल, प्रत्येकाचा त्या मापाचा चौकोन काढा आणि ‘मूव्ह’नं शेडमध्ये सरकवत बसा. आपण घरात कपाट सरकवतो तसंच, फक्त कंबर धरत नाही. प्रत्येक यंत्राभोवती बाईला उभं राहून, वाकून काम करायला आणि पोतं घेऊन जायला जागा ठेवा. ड्रायरचं झाकण पूर्ण उघडलं तर मागच्या ताईच्या पाठीला लागतं का? ओलं पीठ आणि तयार माल एकाच वाटेनं जातात का? मोरी पॅकिंगच्या शेजारी आली का? हे प्रश्न ठेकेदाराला सुचत नाहीत, कारण तो तिथं दिवसभर पापड लाटणार नाही. आपल्याला सुचतात. पण बांधकामाच्या ठिकाणी आपण तोंडी सांगितलं तर ‘बघू, करू’ असं होतं. कागदावर मापासकट दाखवलं की बोलणं बदलतं.

भिंती, यंत्रं आणि वीज एकाच पानावर काढली की गुंता होतो. त्यासाठी ‘लेयर’ असतात. भरतकामाचा छाप काढायचा पारदर्शक कागद आठवा. भिंती एका कागदावर, यंत्रं दुसऱ्यावर, विजेचे पॉइंट तिसऱ्यावर, आणि तिन्ही एकमेकांवर ठेवलेले. वायरमन आला की यंत्रांचा लेयर लपवून त्याला फक्त भिंती आणि पॉइंट दाखवायचे.

कॉम्प्युटरवर सगळं खऱ्या मापानं काढायचं, तीस फूट म्हणजे तीस फूट. लहान करायचं ते फक्त छापताना. आपली शेड १:५० या प्रमाणात ए-फोर कागदावर नीट मावते, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जागेवरचा अर्धा मीटर. पण झेरॉक्सच्या दुकानात ‘फिट टू पेज’ करून छापलं की प्रमाण बिघडतं. म्हणून छापील कागदावर पट्टी ठेवून माप घेऊ नये, ‘डायमेन्शन’नं लिहिलेला आकडाच खरा धरावा. ही सवय ठेकेदाराच्या नकाशालाही लावा.

आखणीच्या दिवशी उपयोगी पडेल असं एक : काढलेल्या चौकोनाचा कर्ण मोजा, म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरकं समोरच्या कोपऱ्यापर्यंत. वीस बाय तीसला तो ३६ फूट आणि वर अर्धा-पाऊण इंच येतो. जागेवर फक्की मारून झाली की दोन जणींनी टेप धरून दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर काटकोन बरोबर. एक मोठा आणि एक लहान आला तर शेड वाकडी आहे, पाया खणण्याआधीच मिस्तरीला सांगा. भाऊ रागावणार नाहीत, त्यांनाही नंतरचा त्रास नको असतो.

हा कागद सरकारी कामातही लागतो. खाद्यपदार्थांच्या उद्योगाला साधी नोंदणी पुरते तोवर प्रश्न नाही. पण धंदा वाढून अन्न परवाना काढायची वेळ आली की अर्जासोबत जागेचा आराखडा मागतात, तोही मीटरमध्ये आणि कुठल्या कामाला किती जागा हे दाखवून. आपली शेड मीटरमध्ये ६.१ बाय ९.१४ होते. बँकेच्या प्रकल्प अहवालाला असा आराखडा जोडला तर साहेबांना यंत्रं कुठं बसणार ते एका नजरेत दिसतं. घरकुलाचंही तसंच. आवास योजना ग्रामीणमध्ये घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. एवढ्याशा जागेत चूल, मोरी आणि झोपायची जागा कशी बसवायची हे घरच्या बाईनं आधी काढून बघितलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ओटा किती उंच हवा हे तिच्या कोपराला माहीत असतं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. आपण काढलेला आराखडा आपल्या समजुतीसाठी आणि बोलणीसाठी आहे. बांधकाम परवानगीच्या नकाशावर परवाना असलेल्या इंजिनिअरची किंवा वास्तुविशारदाची सही लागते. पाया किती खोल, लोखंड किती, छताचा भार कुणावर, हे त्यांनीच ठरवायचं. नशिराबादला आता नगरपरिषद आहे, आजूबाजूच्या गावांना ग्रामपंचायत, तेव्हा परवानगी कुठं मागायची ते आपली जागा कुणाच्या हद्दीत आहे त्यावर ठरतं. इंजिनिअरला फाईल द्यायची असेल तर लिब्रेकॅडची डीएक्सएफ फाईल द्या, ती त्यांच्या ऑटोकॅडमध्ये उघडते. व्हॉट्सॲपवर गटात दाखवायला पीडीएफ करा.

प्रत्येक ताईनं हे शिकावं असं मी म्हणत नाही. गटात एक जण पुरे. बहुतेक वेळा ती एखादीची दहावी-बारावी झालेली मुलगी किंवा सून असते. सुनेला आठवड्यातून दोन दुपारी कॉम्प्युटरवर बसू द्या म्हटलं की काही घरांत एकदम शांतता पसरते, हे मला माहीत आहे. पण एमएस-सीआयटी करून घरी बसलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांना पुढं जायचं असेल तर एमकेसीएलच्या क्लिक मालिकेत ऑटोकॅडचा कोर्स आहे, आणि दहावीला गणित-विज्ञान असेल तर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. फी भरण्याआधी महिनाभर लिब्रेकॅडवर हात फिरवून बघा. आवडलं तरच पैसे घाला.

सुरुवात शेडपासून करू नका. आधी स्वतःचं स्वयंपाकघर काढा. टेप घ्या, चारही भिंती आतून मोजा, दार, खिडकी, ओटा आणि मोरी कोपऱ्यापासून किती अंतरावर ते वहीत लिहा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजता येते. समोरासमोरच्या भिंती एकसारख्या भरल्या नाहीत तर टेप पुन्हा लावा, आणि तरीही फरक आला तर तसाच लिहा, जुन्या घरांत तो असतोच. मासिक बैठकीला येताना ती वही घेऊन या.