वर्दी आली, दुकान बंद

न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक आहे. डाव्या कानावरचे केस कापून झालेत, उजव्या कानावरचे व्हायचेत. तेवढ्यात न्हाव्याच्या पट्ट्याला अडकवलेला पेजर कर्कश वाजायला लागतो. कात्री टेबलावर, ॲप्रन खुंटीवर आणि न्हावी रस्त्यावर. गिऱ्हाईक गळ्यात कापड गुंडाळलेलं, आरशात स्वतःकडे बघत बसून राहतं. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडच्या लहान गावांत याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. घराला आग लागली किंवा गावाबाहेरच्या वळणावर मोटार उलटली, तर बंब घेऊन जायचं ते या न्हाव्यानंच. सोबतीला एखादा गवंडी, एखादी शिक्षिका, एखादा गॅरेजवाला.

ब्रिटिश अग्निशमन दलात या माणसांना ‘ऑन-कॉल फायरफायटर’ म्हणतात. जुना शब्द होता ‘रिटेन्ड’. वकिलाला बांधून ठेवण्यासाठी वर्षाची ठरावीक रक्कम देतात ना, तसंच हे. माणूस आपला धंदा-नोकरी करतो आणि हाक आली की दलाचा होतो. लंडनमध्ये हा प्रकार नाही, तिथली सगळी केंद्रं पूर्णवेळ पगारी जवानांची. पण शहर मागं पडलं की चित्र पालटतं. स्कॉटलंडमध्ये साडेतीनशेच्या वर अग्निशमन केंद्रं आहेत आणि त्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास अशाच ऑन-कॉल किंवा स्वयंसेवी पथकांवर चालतात. एरवी या केंद्रांना कुलूप असतं. आत बंब एकटाच उभा.

मराठीत ‘वर्दी’ म्हणजे गणवेश आणि ‘वर्दी’ म्हणजे खबरही. या लोकांच्या बाबतीत दोन्ही एकदमच येतात. केंद्राच्या भिंतीला प्रत्येकाची खुंटी ठरलेली. तिच्याखाली बूट, आणि बुटांवर विजार अशी दुमडून ठेवलेली की पाय बुटात घालायचा आणि विजार वर ओढायची. शर्टाच्या बाहीला पीठ असो की ग्रीस, वरून जाड कोट चढला की सगळे सारखे. कोपऱ्यातला प्रिंटर तोवर पत्ता आणि घटनेचा प्रकार छापून बाहेर फेकतो. तो कागद फाडून घेणारा त्या फेरीचा अंमलदार असतो. तो पुढच्या आसनावर चढतो आणि बंब निघतो.

या साऱ्याला वेळ किती? दलागणिक नियम वेगळा, पण साधारण पाच मिनिटांत केंद्रावर पोचता आलं पाहिजे, एवढ्या अंतरातच राहणारा किंवा काम करणारा माणूस भरतीसाठी चालतो. गंमत अशी, की घरून केंद्रापर्यंत येताना त्याला कसलीच सवलत नाही. स्वतःच्या मोटारीत तो साधा नागरिक. लाल दिवा लागला की थांबायचं, वेगाची मर्यादा पाळायची. निळा दिवा बंबावर चढल्यावर. म्हणून बरेच जण सायकलवर येतात किंवा सरळ धावत सुटतात.

ही कल्पना काही काटकसरीच्या काळात कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही. १८२४ साली एडिंबरो शहरानं नगरपालिकेचं अग्निशमन दल उभं केलं आणि त्याचा प्रमुख नेमला जेम्स ब्रेडवुड या तरुणाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहरात भीषण आग लागली. ब्रेडवुडनं माणसं निवडली ती कारागिरांतून: छपरं शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे, लोहार. त्याचा हिशेब सरळ होता. छप्पर शाकारणाऱ्याला उंचीची भीती नसते, सुताराला कुठली तुळई आधी दगा देईल ते कळतं, गवंड्याला भिंतीचा भरवसा कळतो. ही माणसं दिवसा आपापली कामं करत आणि ठरल्या दिवशी पहाटे कवायतीला जमत. पुढं तो लंडनला गेला आणि १८६१च्या टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून मेला. त्याची निवडीची पद्धत मात्र खेड्यांत अजून टिकून आहे, फार कुणी तिचं नाव न घेता.

मुंबईशीही याचा धागा आहे. १८८७मध्ये स्वतंत्र अग्निशमन दल झालं, त्याआधी मुंबईत आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम होतं. आणि आपण ज्याला ‘बंब’ म्हणतो तो शब्दच मुळात पोर्तुगिजांचा, ‘बोंबा’ म्हणजे पंप. त्या पोर्तुगालमध्ये आजही आग विझवणारे बहुतेक ‘बोंबेइरो’ स्वयंसेवकच आहेत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं गावोगावची सोळाशेच्या आसपास दलं १९४१ साली एकत्र करून एकच राष्ट्रीय दल केलं. १९४८ साली ते पुन्हा स्थानिक संस्थांकडे गेलं. युद्धातले हवाई हल्ल्याचे भोंगे मात्र गावांत राहिले आणि कित्येक वर्षं आगीची वर्दी त्यांनीच दिली. भोंगा वाजला की साऱ्या गावाला कळायचं, आणि पथकामागोमाग बघ्यांची गर्दीही धावायची. काही ठिकाणी जवानांच्या घरात वेगळी घंटा बसवलेली असे. पेजर आला आणि गाव रात्री निवांत झोपू लागलं.

आठवड्यातली एक संध्याकाळ सरावाची. दोन-तीन तास. बाहेरच्याला वाटेल, वर्षानुवर्षं तेच तेच काय करायचं? पण केंद्रामागच्या आवारात जे चालतं ते जवळून बघायला हवं.

श्वसनयंत्राचा, म्हणजे बीए सेटचा सराव घ्या. मुखवट्याच्या काचेवर काळं आवरण चढवतात, म्हणजे दिसणं बंद. दोघांची जोडी दाराशी येते. आत जाण्याआधी प्रत्येक जण आपल्या सेटची पट्टी काढून दाराबाहेरच्या फळ्याजवळ उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हातात देतो. फळ्यावर नाव, आत गेल्याची वेळ, सिलिंडरमधला दाब, आणि त्यावरून काढलेली शिट्टीची वेळ. हवा ठरावीक पातळीखाली गेली की सेटची शिट्टी आपोआप वाजते; तोवर बाहेर आलेलं असणं हा नियम, शिट्टी ऐकून निघणं हा नव्हे. फळ्याजवळचा माणूस आगीकडे बघत नाही. तो घड्याळाकडे बघतो. पाणी मारणाऱ्याचा फोटो छापून येतो, फळ्यावाल्याचा कधी आल्याचं ऐकिवात नाही. पण आतल्या दोघांचा जीव त्याच्या बेरीज-वजाबाकीवर असतो.

आत गेलेले दोघं चालत नाहीत, सरपटल्यासारखे सरकतात. भार मागच्या पायावर, पुढचा पाय अर्धवर्तुळात फिरवून जमीन चाचपायची, आपटून बघायची, मग भार पुढं. जमीन जळून पोकळ झाली असेल तर ती पायाला कळावी, डोक्याला नाही. एक हात भिंतीवर. उजवीकडून आत गेलात तर उजवी भिंत सुटू द्यायची नाही, कारण परतीची वाट तीच. दुसरा हात तोंडासमोर वर-खाली फिरत राहतो, आणि तळव्याची बाजू आपल्याकडे, हाताची पाठ पुढं. का? अंधारात लोंबणारी जिवंत तार लागली तर धक्क्यानं मूठ आवळली जाते. तळवा पुढं असला तर ती तारेवर आवळली जाईल. पाठ पुढं असली तर हात मागं खेचला जातो. इतकी लहान गोष्ट. पण ती विचार न करता व्हायला लागते तेव्हाच उपयोगी पडते, आणि तेवढ्यासाठी ती शेकडो वेळा करावी लागते. मध्येच कुठंतरी माणसाच्या वजनाची बाहुली पडलेली असते. ती सापडली की शोध संपत नाही, खरी हमाली तिथून सुरू होते. थकून कुणी निश्चल पडलाच, तर अंगावरचं उपकरण काही सेकंदांत स्वतःहून किंचाळायला लागतं.

आगीचा स्वभाव शिकवायला मात्र आवार पुरत नाही, त्यासाठी जहाजावरचे लोखंडी कंटेनर लागतात. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात रुजलेली ही पद्धत. कंटेनरच्या भिंतींना भुशाचे दाबलेले तक्ते लावून ते पेटवायचे आणि शिकणाऱ्यांना खाली उकिडवं बसवायचं. धूर छताला जमतो, हळूहळू खाली उतरतो, आणि एका क्षणी त्या धुरातूनच ज्वाळांच्या जिभा डोक्यावरून पुढं पळत जातात. धूर म्हणजे आगीचा कचरा नव्हे, ते न जळलेलं इंधन आहे, हे पुस्तकातून पटत नाही. इथं मानेवर पटतं.

ते पटणं का लागतं, याची किंमत वेल्समधल्या ब्लेना गावानं १ फेब्रुवारी १९९६ रोजी मोजली. घराला आग, आत मूल अडकल्याची खबर. स्टीफन ग्रिफिन आणि केव्हिन लेन हे गावच्याच पथकातले दोन ऑन-कॉल जवान आत गेले. बंद जागेत कोंडलेल्या तापल्या वायूंना हवा मिळाली की स्फोटासारखा भडका उडतो. त्याला बॅकड्राफ्ट म्हणतात. दोघेही त्यात गेले. लहान गावात अशी घटना घडली की मेलेला जवान अनोळखी नसतो, आणि ज्यांच्या घरी आग लागली तेही नसतात.

पाण्याचंही गणित असंच घट्ट. ब्रिटिश बंबात साधारण १,८०० लिटर पाणी असतं. ऐकायला पुष्कळ. पण ४५ मिलिमीटरच्या नळीचा एक जोरदार फवारा मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर पितो. म्हणजे टाकी चार मिनिटांत कोरडी. म्हणून पहिली जोडी आत जाते तेव्हा आणखी कुणीतरी फुटपाथवरचं लोखंडी झाकण उचकटून जमिनीखालचा हायड्रंट शोधत असतो. झाकणात कधी चिखल, वर कधी कुणी मोटार लावून गेलेला. गावातलाच माणूस पथकात असण्याचा फायदा इथं दिसतो: झाकण कुठल्या झुडपाआड आहे ते त्याला नकाशाविना ठाऊक असतं.

बाकी, रोजच्या कामात आग आता थोडीच असते. मोटारींचे अपघात, पूर, खड्ड्यात रुतलेला घोडा, आणि फाजील जळालेल्या पावामुळे केकाटलेले धोक्याचे भोंगे, ही खरी रोजी. यातल्या बहुतेक गोष्टींचा आगीशी काही संबंध नाही.

भरतीला वीस मीटरच्या फेऱ्यांची धावण्याची चाचणी असते. ती ८.७च्या पातळीपर्यंत झेपणं ही सर्वसाधारण अपेक्षा. मोबदला तीन वाटांनी येतो: बांधून ठेवल्याची रक्कम, सरावाचे पैसे, आणि प्रत्येक वर्दीचे वेगळे. त्यावर घर चालत नाही. शिवाय बरीच वर्षं निवृत्तिवेतन आणि आजारपणाच्या रजेत पूर्णवेळवाल्यांना एक न्याय आणि यांना दुसरा, असं चाललं होतं. बारा हजारांवर जणांनी दावे केले. ‘मॅथ्यूज’ खटल्यात २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्यांच्या बाजूनं कौल दिला: पूर्णवेळ आणि अर्धवेळ यांची तुलना करताना आगीपुढच्या कामातल्या सारखेपणाला मोठं वजन द्यायला हवं.

पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती दिवसाउजेडी येते. गावातली दुकानं बंद झाली, कारखाने गेले, माणसं तासभर अंतरावरच्या शहरात नोकरीला जातात. रात्री गावात पथक भरपूर. मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोघंच. बंब हलायला साधारणपणे चार जण लागतात, आणि नुसते कोणीही चार नव्हेत: एक अवजड वाहनाचा परवानाधारक चालक, एक अंमलदार, दोन श्वसनयंत्रवाले. चालक दाढ दाखवायला बाहेरगावी गेला तर बाकीचे सहा जण असूनही बंब जागचा हलत नाही. नियंत्रण कक्ष मग पुढच्या गावचा बंब पाठवतो. मालकानं कामावरून सोडावं अशी सक्तीही कायद्यात नाही. सगळं त्याच्या राजीखुशीवर. उलट कधी आठ जण धावत येतात आणि आसनं सहा असतात. उरलेले दोघं धापा टाकत दरवाजा लावून घेतात.

आता सगळ्यांच्या फोनवर हजेरीचं ॲप असतं. संध्याकाळी पावणेसहाला चालक गावाच्या वेशीवर पोचतो, मोटार बाजूला घेऊन फोन काढतो आणि स्वतःला ‘उपलब्ध’ करतो. दिवसभर लाल असलेली केंद्राची खूण हिरवी होते. पथकातली बेकरीवाली ते आपल्या फोनच्या पडद्यावर बघते आणि आपला स्वयंपाक चालू ठेवते.