पाच लिटरचा डबा

गेल्या वर्षी आई-बाबा कऱ्हाडहून आमच्याकडे बार्सिलोनाला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांना कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात नाश्त्याला नेलं. भाजलेला पाव, त्यावर पिकलेला टोमॅटो घासलेला, चिमूटभर मीठ आणि वरून ऑलिव्ह तेलाची सढळ धार. बाबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलं भाकरीवरचं तेल-तिखटच की! फक्त तिखट विसरलेत." दुसऱ्या घासाला त्यांना जोरात ठसका लागला. माझा एक सहकारी हाएन प्रांतातला आहे. जगात सर्वात जास्त ऑलिव्ह तेल जिथे निघतं तो हा भाग. त्याला हे सांगितलं तर तो खूश झाला. ताज्या, चांगल्या तेलातला ओलिओकँथल नावाचा घटक घशाला झोंबतो, म्हणून ठसका ही तिथे तेलाची पावतीच समजतात.

बाबांना मधुमेह होऊन आता चौदा वर्षं झाली. आणि मी? वय ३६, दिवसभर खुर्चीत, दोन मॉनिटर समोर. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरीणबाईंनी वडिलांबद्दल विचारलं, मान हलवली, आणि जाता जाता सहज म्हणाल्या, "इथे राहता ना, मग इथल्यासारखं जेवा."

सवयीप्रमाणे मी ते वाक्य खोदत बसलो, आणि शोधता शोधता पोचलो रेउसला. आमच्यापासून रेल्वेने दीड-दोन तासांवर असलेलं हे गाव. 'प्रेडिमेड' नावाचा मोठा प्रयोग स्पेनमध्ये २००३ पासून चालला, त्याचं एक केंद्र इथे होतं. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे साडेसात हजार लोकांचे तीन गट केले. एका गटाला भूमध्य पद्धतीचं जेवण आणि घराला आठवड्याला एक लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल फुकट. दुसऱ्याला तेच जेवण आणि रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट. तिसऱ्याला स्निग्ध पदार्थ कमी करा असा सल्ला. कमी खा, उपाशी राहा असं कोणालाच सांगितलं नव्हतं.

रेउसच्या केंद्रात सुरुवातीला मधुमेह नसलेले ४१८ जण होते, सगळे ५५ ते ८० वयाचे. चार वर्षांनी पाहिलं तर तेलाच्या गटातल्या १०.१ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, सुकामेव्याच्या गटात ११, आणि कमी स्निग्धवाल्यांत १७.९. पुढे २०१४ मध्ये सगळ्या केंद्रांमधल्या ३५४१ जणांचे आकडे आले, त्यात तेलाच्या गटाचा धोका साधारण ४० टक्क्यांनी कमी दिसला. सुकामेव्याची घट मात्र इतकी ठाम नव्हती.

आकडे वाचून मी हुरळून गेलो आणि बाबांना दाखवले. तीच माझी चूक.

एक तर या प्रयोगाची दुसरी बाजू मी त्यांना सांगितलीच नाही. गट पाडताना काही ठिकाणी चिठ्ठ्या नीट टाकल्या गेल्या नव्हत्या. एका घरातल्या सगळ्यांना एकच आहार, तर एके ठिकाणी अख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला गेला होता. म्हणून हृदयविकाराबद्दलचा २०१३ चा मूळ शोधनिबंध २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला. निष्कर्ष साधारण तोच राहिला, भाषा जरा सावध झाली. (आमच्याकडे कोडमध्ये असला बग निघाला असता तर रिलीजच थांबवला असता, पण ते असो.) आणि हे सगळे उतारवयातले स्पॅनिश लोक. माझ्यासारख्या कऱ्हाडच्या पोटावर हा प्रयोग झालेला नाही.

सुट्टी संपली आणि बाबा निघताना पाच लिटरचा पत्र्याचा डबा घेऊन गेले. विमानतळावर आईच्या दोन साड्या माझ्याकडे राहिल्या, डबा गेला.

तीन महिन्यांनी आईचा फोन. बाबांचं एचबीएवनसी ७.४ वरून ८.६ वर गेलं होतं. वजन दोन किलोंनी वाढलेलं. चौकशी केल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी पाठवलं होतं की ऑलिव्ह तेलानं साखर मुळापासून जाते. मुलगा स्पेनमध्ये, त्यानं आकडेसुद्धा दाखवलेले. मग शंका कशाला? रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे तेल, आणि संध्याकाळची गोळी स्वतःच्याच अधिकारात बंद. बाकी जेवण जसंच्या तसं, शेंगदाणा तेलाची फोडणी, भात, दुपारचा गोड चहासुद्धा.

मग मी साधा गुणाकार केला. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी, दोन चमच्यांच्या २४०. नव्वद दिवसांच्या २१,६००. तेल कुठलंही असो, एका ग्रॅमला ९ कॅलरी, त्यात स्पॅनिश-मराठी भेद नाही. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी बाबांना एवढंच विचारलं, "काका, तेल वाढवलंत, पण त्याच्या जागी कमी काय केलंत?"

सगळं त्या प्रश्नात आहे. इथली माणसं तेल पीत नाहीत, तेलानं जेवतात. आमच्या शेजारच्या आजी कांदा-टोमॅटो मंद आचेवर तेलात अर्धा अर्धा तास परततात आणि त्यात काबुली चणे, मसूर, पालक शिजवतात. ताटभर कच्च्या भाज्यांवर तेल ओतलं की मुलंसुद्धा त्या खातात. त्या घरात लोणी आणि क्रीम नसतं म्हणून तेल असतं. रोममधल्या एका छोट्या प्रयोगात दुपारच्या जेवणात १० ग्रॅम एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घेतलेल्यांची जेवणानंतरची साखर मक्याचं तेल घेतलेल्यांपेक्षा कमी चढली. पण तिथेही ते जेवणात होतं, उपाशीपोटी नव्हे. आणि ज्यांना मधुमेह आधीच झालाय त्यांच्यासाठी गोळीला पर्याय म्हणून नव्हतंच. इटलीत नव्यानेच मधुमेह झालेल्या २१५ जणांवरही चार वर्षं अभ्यास झाला. भूमध्य जेवण जेवणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना, तर कमी स्निग्ध आहारवाल्यांपैकी ७० टक्क्यांना औषध सुरू करावं लागलं. म्हणजे चांगलं जेवूनही जवळजवळ निम्म्यांना गोळी लागलीच.

डबा संपल्यावर बाबांनी तिथल्या दुकानातून एक बाटली आणली होती. व्हिडिओ कॉलवर लेबल दाखवलं, तर 'पोमेस'. आपल्याकडे घाण्यातून तेल काढल्यावर उरते ती पेंड. ऑलिव्हच्या पेंडीत उरलेलं तेल रसायनानं ओढून, शुद्ध करून त्यात थोडं व्हर्जिन मिसळतात, ते हे. खायला वाईट नाही, पण ज्या झोंबऱ्या घटकांचं कौतुक चाललंय ते यात जवळपास नसतात. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे नुसतं यंत्रानं दाबून काढलेलं, आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत. ते महाग असतं. २०२४ मध्ये तर दुष्काळामुळे इथेच लिटर नऊ युरोच्या पुढे गेलं होतं आणि सुपरमार्केटात बाटल्यांना चोरीविरोधी टॅग लावले होते. कऱ्हाडमध्ये ते रोजच्या फोडणीला परवडणार नाही, आणि गरजही नाही.

आता आईनं तोडगा काढलाय. फोडणी शेंगदाणा तेलाचीच, पण महिन्याचं तेल मोजून काढायचं. कोशिंबिरीवर आणि भाकरीसोबतच्या जवसाच्या चटणीवर ऑलिव्हचा एक छोटा चमचा. भात एका वाटीवर आणि गोळी वेळेवर. बाबांचा मागच्या महिन्याचा आकडा ७.२. माझा ६.१ वरून ५.८ झालाय. श्रेय तेलाला देऊ का? त्याच वर्षी मी ऑफिसला चालत जायला लागलो, रात्रीचा भात सोडला आणि बिस्किटांचा डबा टेबलावरून हलवला. एकाच वेळी चार बदल केल्यावर कुठल्या बदलानं प्रोग्रॅम सुधारला हे कोण सांगणार?

दिवाळीला घरी जायचंय. काय आणू विचारलं तर बाबा म्हणाले, "तेल राहू दे. त्या दुसऱ्या गटाला काय देत होते रे? ते हेझलनट आण पाव किलो." मग आईकडे बघून घाईघाईनं म्हणाले, "डॉक्टरांना विचारून खाईन."