पू-अर चहाची घरगुती साठवण

चीनच्या यूनान प्रांतात तयार होणारा पू-अर हा चहा दीर्घकाळ मुरवून पिण्याची प्रथा आहे. सामान्य काळा किंवा हिरवा चहा हवाबंद व कोरडा ठेवतात. ओल लागताच त्याचा स्वाद जातो. पू-अर चहा मुरण्यास मात्र बेताची ओल व थोडी हवा आवश्यक असते. ही ओल किती असावी, हाच त्याच्या साठवणीतील मुख्य प्रश्न होय.

स्वरूप व प्रकार : हा चहा कॅमेलिया सायनेन्सिस या वनस्पतीच्या असामिका या मोठ्या पानांच्या प्रकारापासून करतात. आसामातील चहाही मुख्यतः याच प्रकारचा असतो [⟶ चहा]. पाने कढईत परतून, मळून उन्हात वाळवतात व नंतर वाफेने मऊ करून त्यांच्या चकत्या दाबतात. ३५७ ग्रॅ. वजनाची चकती विशेष प्रचलित असून अशा ७ चकत्या एकत्र बांधतात. चहाचे कच्चा (शंग) व पक्व (शू) असे दोन प्रकार आहेत. कच्चा चहा वर्षानुवर्षे सावकाश मुरतो. तसा चहा लवकर मिळावा म्हणून १९७३ च्या सुमारास कुनमिंग येथे ओल्या पानांचे ढीग घालून ती काही आठवड्यांत आंबवण्याची रीत काढण्यात आली. पक्व चहा या रीतीने तयार होतो.

मुरण्याची क्रिया : पानांतील कॅटेचिने या तुरट पॉलिफिनॉलांचे हवेतील ऑक्सिजनामुळे हळूहळू ऑक्सिडीभवन होते. कवके व इतर सूक्ष्मजीवही या बदलांना हातभार लावतात. त्यामुळे कडवटपणा व तुरटपणा कमी होतो आणि अर्काचा हिरवट पिवळा रंग तांबूस होत जातो. हाँगकाँगच्या दमट हवेत हा बदल जलद होतो, तर सुमारे १,९०० मी. उंचीवरील कुनमिंगच्या कोरड्या हवेत तो मंद असतो. त्यामुळे एकाच वर्षीच्या चकत्या दोन ठिकाणी ठेवल्यास त्यांची चव भिन्न होते.

आर्द्रतेचे नियंत्रण : घरगुती साठवणीसाठी सापेक्ष आर्द्रता सामान्यतः ६० ते ७० टक्के व तापमान २० ते ३०° से. राखतात. आर्द्रता ७५ टक्क्यांपलीकडे गेल्यास बुरशीचा धोका वाढतो. तापमान उतरले की सापेक्ष आर्द्रता वाढते, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. २५° से. तापमानाची व ७० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे १९° से. पर्यंत थंड झाली, तरी ती संपृक्त होऊन दव जमू लागते. म्हणून चहा बाहेरच्या भिंतीलगत किंवा उन्हात ठेवत नाहीत.

साठवणीसाठी बिनझिलईची मातीची बरणी, पुठ्ठ्याचे खोके किंवा घट्ट झाकणाचा गंधहीन डबा वापरतात. डब्यात लवणाच्या संपृक्त विद्रावाच्या पुड्या ठेवल्यास त्या ओल सोडून वा शोषून आर्द्रता ठराविक पातळीवर राखतात. उघड्या भांड्यातील पाण्याने आर्द्रता अनिर्बंध वाढत असल्याने ते ठेवणे अनिष्ट असते. आर्द्रतामापक अचूक आहे की नाही हे पाहण्यासाठी तो मिठाच्या ओलसर लगद्याबरोबर बंद डब्यात एक दिवस ठेवतात. त्यावर ७५ टक्के एवढी नोंद दिसावयास हवी. चहा परका वास लवकर शोषतो. त्यामुळे तो मसाले, कापूर व उदबत्ती यांपासून दूर, तसेच कच्चा व पक्व असे प्रकार वेगवेगळे ठेवतात. मुंबई व कोकणपट्टीत पावसाळ्यात आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांहून अधिक असल्याने त्या काळात चहा उघडा न ठेवता बंद डब्यात ठेवणे इष्ट ठरते.

दोष : चहा फार कोरडा राहिल्यास मुरणे जवळजवळ थांबते व सुगंध मंदावतो, मात्र आर्द्रता हळूहळू वाढविल्यास हा दोष बराचसा सुधारतो. बुरशीचे तसे नाही. काही बुरशींनी निर्माण केलेली विषे उकळत्या पाण्यानेही नष्ट होत नाहीत. म्हणून लवदार पांढरे, हिरवे वा काळे ठिपके आलेला चहा टाकून देणेच योग्य असते. चकतीच्या आतील बुरशी ती फोडल्याखेरीज दिसत नाही. जुन्या चहास अधिक भाव मिळत असल्याने नवा चहा मुद्दाम ओलसर जागी ठेवून तो जुना भासविण्याचे प्रकारही घडतात. गडद रंग हा वयाचा खात्रीलायक पुरावा मानता येत नाही. या सर्व कारणांमुळे, शंका असेल तेव्हा चहा किंचित कोरडा ठेवणे अधिक सुरक्षित समजले जाते. त्यात केवळ काळ अधिक लागतो; ओल अधिक झाल्यास मात्र अनेक वर्षांची साठवण एका दमट ऋतूत वाया जाऊ शकते.